शेऱ्याचा रकाना

मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं पन्नास षटकांच्या क्रिकेटचं झालं. जिवंत होतं तेव्हा शेवटची काही वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. वीस षटकांच्या खेळाने त्याची अर्धी हवा काढली, दहा षटकांच्या खेळाने उरलेली. शेवटचा एकदिवसीय सामना झाला तेव्हा मैदानात प्रेक्षकांपेक्षा पोलीस जास्त होते. आणि आता, त्याला मूठमाती देऊन सहा वर्षं उलटल्यावर, साऱ्या जगाला एकदम गहिवर फुटला. एकदिवसीय क्रिकेटचा सर्वकालीन संघ कोणता? सगळ्यात समतोल अकरा कोण?

पूर्वी हा प्रश्न पानठेल्यावर निघायचा आणि तिथेच भांडणात संपायचा. आता तो सोडवायला 'समतोल' नावाचं यंत्र आलं होतं, आणि ते भांडत नव्हतं. भांडणाऱ्याशी निदान अबोला तरी धरता येतो.

या यंत्राच्या जोडीला पाच माणसांची निवड समिती होती. माणसं नावापुरती, पण नावं लागतातच. चार जुने खेळाडू होते आणि पाचवे नागपूरचे हेमंत मोहरील, वय एकाहत्तर. हेमंतराव कधी मोठं क्रिकेट खेळले नव्हते. एकतीस वर्षं ते अधिकृत स्कोअरर होते. काचेमागच्या खोलीत बसून प्रत्येक चेंडू लिहायचा, एवढंच त्यांचं काम, आणि त्यांच्या वहीत खाडाखोड सापडली असं म्हणणारा माणूस विदर्भात जन्माला यायचा होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही जगरहाटी. हेमंतरावांचं बरोबर उलटं. आपल्या गावचा, आपल्या ओळखीचा, आपल्या घरचा माणूस खेळत असला की त्यांचं पेन अधिकच कडक व्हायचं, आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

नागपूरजवळच्या मिहान औद्योगिक वसाहतीत, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या इमारतीत पहिल्या दिवशी ऋतुजा पोटे नावाच्या तिशीतल्या अभियंता मुलीने त्यांना यंत्र समजावून सांगितलं.

"खेळाडूचं अख्खं आयुष्य आम्ही यात घालतो, सर. प्रत्येक चेंडूचं चित्रीकरण. चेंडू सुटल्यावर मागचा पाय कधी हलला, डोकं कुठे गेलं, बॅट किती वेळाने खाली आली. त्यातून त्याचं शरीर कळतं. पण शरीर म्हणजे खेळाडू नाही न. म्हणून दुसरा थर. हा माणूस नव्वदीत काय करतो? आदल्या सामन्यात शून्यावर गेला असेल तर पहिला चेंडू कसा खेळतो? जोडीदार अडखळला तर थांबतो की धावतो? असे लाखभर निर्णय पाहून त्याचा कल काढायचा. त्याला आम्ही स्वभावपट म्हणतो."

"आणि मग?"

"मग अकरा स्वभावपट मैदानात सोडायचे आणि दहा हजार सामने खेळवायचे. दर वेळी नाणेफेक वेगळी, वारा वेगळा, दव कमीजास्त. एक सामना म्हणजे योगायोग असतो, सर. दहा हजार म्हणजे स्वभाव."

हेमंतरावांना हे वाक्य इतकं आवडलं की घरी जाऊन त्यांनी ते पत्नीला, अलकाताईंना, दोनदा ऐकवलं.

नऊ-दहा जागांवर फारसा वाद नव्हता. सलामीला बार्बाडोसचा एल्डन क्रिचलो, डावखुरा आणि माजोरडा. सोबत उजव्या हाताचा कुणी शांत. तिसऱ्या क्रमांकावर पडझड झाली तर दिवसभर खुंटा ठोकून बसणारा. यष्टीमागे क्राइस्टचर्चचा हॅलोरन, शेवटच्या षटकांना लाहोरचा तारिक बुखारी. घोडं अडलं होतं सहाव्या क्रमांकावर. एकदिवसीय संघाचा तोल तिथेच सावरतो किंवा जातो. सहावा माणूस फलंदाज घेतला तर दहा षटकं टाकायला कुणी उरत नाही, गोलंदाज घेतला तर शेपूट लांबतं. सहा नंबरला दोन्ही करणारा लागतो, आणि तसे जगात बोटावर मोजण्याइतके झाले.

त्यातला एक हिंगणघाटचा रत्नाकर काळमेघ. दोनशे अकरा सामने, मधल्या फळीत खंबीर, दहा षटकं कंजूष. हेमंतरावांनी त्याचे घरच्या मैदानावरचे सगळे सामने लिहिले होते. त्यांनी समितीत हट्ट धरला, यंत्रानेही त्यांची री ओढली. काळमेघ सहाव्या जागी असला तर हा संघ शंभरातले एकाहत्तर सामने जिंकत होता. दुसरा कुणीही घातला की साठीच्या पुढे जात नव्हता.

"मी म्हणत होतो की नाही?" हेमंतराव म्हणाले.

ऋतुजा मात्र पडद्याकडेच पाहत होती. समितीचे बाकीचे लोक जेवायला गेल्यावर तिने त्यांना थांबवलं.

"सर, एक विचारू? काळमेघ खेळपट्टीवर असले की त्यांचे जोडीदार धावबाद फार होतात. इतरांच्या तिप्पट."

"धावा चोरायचा तो. धोका असतोच त्यात."

"पण सगळे नाही होत. क्रिचलो एकदाही नाही झाला, हॅलोरन नाही. म्हणून मी वेगवेगळे जोडीदार घालून पाहिले." तिने आवाज खाली आणला. "जो जोडीदार त्यांच्याच जागेवर दावा सांगू शकतो, आणि त्या दिवशी चांगला खेळून राहिला आहे, तोच होतो. यंत्राला आम्ही हे शिकवलेलं नाही. त्याने ते काळमेघांच्या खऱ्या सामन्यांतून उचललंय. कारकिर्दीत असे पाच जण सापडले."

पडद्यावर पाच नावं होती. चौथं नाव होतं वि. मोहरील.

हेमंतराव खुर्चीत मागे टेकले. विलास मोहरील त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. सत्तावीस वर्षं त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

एकोणतीस वर्षांपूर्वीचा तो सामना नागपुरातलाच. विलासचा तिसरा एकदिवसीय सामना, घरच्या मैदानावर. सहाव्या क्रमांकासाठी तो आणि काळमेघ असे दोघेच उमेदवार उरलेले, आणि त्या दिवशी दोघेही संघात होते. दोनशे बहात्तरचा पाठलाग. विलास एक्केचाळीसवर खेळत होता आणि असा खेळत होता की पाहुण्यांचा कर्णधार टाळ्या वाजवत होता. चौतिसाव्या षटकात काळमेघने चेंडू मिडविकेटला ढकलला, दोन पावलं पुढे आला आणि मागे फिरला. तोवर विलास अर्ध्या खेळपट्टीच्या पुढे आलेला. धावबाद.

विलास म्हणाला, "त्याने ये म्हटलं." काळमेघ म्हणाला, "मी तोंडही उघडलं नाही." चाळीस हजार माणसांच्या आरडाओरड्यात यष्टीजवळच्या मायक्रोफोनला काही ऐकू आलं नव्हतं.

धावबादच्या नोंदीत चूक कुणाची हे लिहायला जागा नसते. गोलंदाजाच्या खात्यात बळी जात नाही, क्षेत्ररक्षकाचं नाव लिहितात आणि पुढे जातात. पण हेमंतरावांच्या वहीत उजव्या कडेला एक शेऱ्याचा रकाना होता, त्यांनी स्वतः आखलेला. झेल सुटला, दिवे गेले, पंचांना चेंडू लागला, असं त्यात ते लिहीत. त्या दिवशी शेजारी पाहुण्यांचा स्कोअरर बसला होता. त्याला ठाऊक होतं की बाद झालेला मुलगा यांचा भाऊ आहे. त्याने मान वळवून हेमंतरावांकडे पाहिलं. बस, एवढंच. आणि हेमंतरावांनी शेऱ्याच्या रकान्यात आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'मोहरील हाकेविना धावला.'

काच बंद होती. त्यांना मैदानातलं काहीही ऐकू येत नव्हतं.

ती वही निवडकर्त्यांपर्यंत गेली. पेपरात छापून आलं, सख्ख्या भावानेच लिहिलंय म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला? विलास पुन्हा देशासाठी खेळला नाही. रणजी स्पर्धेत दोन वर्षं रेटली, पण धावताना त्याचे पाय अडायला लागले. जोडीदाराची हाक आली की तो आधी त्याचा चेहरा पाहायचा, आणि तोवर उशीर झालेला असायचा. मग खेळ सोडला, घरही सोडलं. वरुडला जाऊन त्याने संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका टाकली. आई गेली तेव्हा दोघं स्मशानात शेजारी उभे होते, तेवढंच. तेव्हापासून एकाच आईचं अविधवा नवमीचं श्राद्ध दोन घरी होत होतं.

"तो सामना खेळवता येईल?" हेमंतरावांनी विचारलं.

"येईल. तुमच्या भावाचे... म्हणजे विलास सरांचे सामने थोडे आहेत, पण रणजीचं चित्रीकरण आहे." ती कळफलकावर वाकली. दहा हजार सामन्यांना चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. "चौतिसाव्या षटकाचा तो चेंडू. सहा हजार चारशे बारा वेळा काळमेघ हाक देतात आणि मागे फिरतात. उरलेल्या वेळी नीट धाव पूर्ण करतात."

"म्हणजे दर तीनात एकदा..."

"हो सर. दर तीनात एकदा ते नीट वागले असते. त्यांच्यातही रस्सीखेच झाली असणार." तिने जरा थांबून विचारलं, "पाणी आणू?"

दुसऱ्या दिवशी हेमंतरावांनी समितीत मागणी केली की काळमेघला काढा. कारण सांगितलं, आकडे दाखवले. समितीचे अध्यक्ष पूर्वी कर्णधार होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मोहरील, हे यंत्राला माहीत आहे," ते म्हणाले. "ते धावबाद धरूनच एकाहत्तर टक्के येताहेत. तो अख्ख्या कारकिर्दीत पाच पोरांचा बळी घेतो आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला वीस सामने जिंकून देतो. तोल म्हणतात तो हाच."

"अहो, पण हा अन्याय आहे!"

"अन्यायाचा रकाना यात नाही."

सगळे हसले. ऋतुजा हसली नाही. बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "आमच्याकडे आता फक्त क्रिकेट नाही, सर. एका हॉस्पिटलने ऑपरेशनच्या टीम निवडायला हे घेतलंय. एका कारखान्याने पाळ्या लावायला. तिथेही यंत्र शेवटी असा एक काळमेघ मागतंच. आणि तो कोणाला खाणार तेही त्याला आधीच ठाऊक असतं. त्या माणसाला मात्र कुणी सांगत नाही." ती इकडेतिकडे पाहून आत निघून गेली.

संघ जाहीर झाला. संध्याकाळी काळमेघचा फोन आला. चोपन्नाव्या वर्षीही त्याचा आवाज खणखणीत होता.

"हेमंतभाऊ, तुम्ही नाव लावून धरलं म्हणतात. तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"रत्नाकर, एक खरं सांग. त्या दिवशी विलासला हाक दिली होती का रे तू?"

काळमेघ म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हेच भयंकर होतं.

"भाऊ, त्या रात्री मला झोप नव्हती लागली. वाटून राहिलं होतं की दिली असेल. सकाळी उठून सांगूनच टाकावं असं मनात होतं. मग तुमचा शेरा छापून आला. म्हटलं, सख्खा भाऊ कशाला खोटं लिहील? मीच घाबरलो होतो, माझंच डोकं फिरलं होतं. तेव्हापासून मी नाहीच दिली हाक. तुम्हीच तर लिहिलं न तसं."

हेमंतरावांनी फोन खाली ठेवला. अलकाताई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "वरुडला जाऊन या. नवमी आठ दिवसांवर आहे."

वरुडच्या रोपवाटिकेत विलास कलमांच्या मुळांना ओलं गोणपाट बांधत बसला होता. छप्पन्न वर्षांचा, डोक्यावर टॉवेल, हात कोपरापर्यंत मातीचे. त्याने वर पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा गाठ मारायला लागला. हेमंतराव उभ्याउभ्याच सगळं बोलून गेले. सहा हजार चारशे बारा हा आकडा त्यांनी दोनदा सांगितला.

"तू खरं बोलत होता, विलास. पुरावा आहे आता."

"मला पुरावा नको होता, दादा," विलास म्हणाला. "मला माहीत होतं. मी तिथेच होतो."

"तसं नाही रे..."

"कसं आहे मग? सत्तावीस वर्षं मी वाट पाहून राहिलो की दादा येईल. आज आला. काहून? तर मशीनने सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवायला तुला दहा हजार सामने लागले." त्याने एक कलम बाजूला ठेवलं, दुसरं उचललं. "आणि रत्नाकरचं मला काय सांगतो? तो परका होता. त्याला माझी जागा पाहिजे होती, त्याने घेतली. मी त्याच्यावर कधीच नाही चिडलो. तुला काय पाहिजे होतं?"

हेमंतरावांजवळ एकच उत्तर होतं, आणि ते उच्चारताना पहिल्यांदाच त्यांना त्याची लाज वाटली. "लोकांनी म्हणू नये की भावाला झाकलं."

आतून विलासच्या बायकोने चहा पाठवला, तो दोघांनी प्याला. मग विलास म्हणाला, "मशीनमध्ये तू आहे का?"

"मी? मी कशाला असेन?"

"विचार त्या पोरीला. असशील तर तुझेही दहा हजार सामने खेळव. दहा हजारांत एकदा, दादा, एकदा जरी तुझा हात थांबला असेल न, तो रकाना एकदा जरी कोरा राहिला असेल, तर मी म्हणीन की तो दिवसच वाईट होता. तुझा दोष नव्हता. मग नवमीला मी नागपूरला येतो, आईचं पान दोघं मिळून वाढू." त्याने हेमंतरावांकडे सरळ पाहिलं. "एकदा पुरे मला."

परतीच्या एसटीत हेमंतराव कित्येक वर्षांनी खिडकीशी बसून हसले. एकदा! रत्नाकरसारखा माणूससुद्धा तीनात एकदा सरळ वागतो. ते तर हेमंत मोहरील होते. शेजारचा तो स्कोअरर पाणी प्यायला गेला असता, पेन अडलं असतं, आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला असता. दहा हजारांत हजारदा तरी हात थांबला असणार.

ऋतुजाने प्रश्न ऐकला आणि उठून दार लावून घेतलं.

"तुम्ही आहात, सर. सगळे जुने स्कोअरर आहेत. तराजूवर वजन करायच्या आधी तराजू कुठे झुकतो ते पाहावं लागतं न? जुन्या सामन्यांचं चित्रीकरण अर्धवट, तिथे तुमच्या वह्या वापरल्या. मग वही लिहिणारा माणूस कोणाला झुकतं माप देतो ते काढावं लागलं. चारशे बारा वह्या, अक्षराचा दाब, प्रत्येक शेरा." तिने पडद्यावर एक ओळ उघडली. हेमंत मोहरील, कल स्वकीयांविरुद्ध, तीव्र. "तुमच्या ओळखीचा खेळाडू असला की तुमची नोंद आम्ही त्याच्या बाजूने दुरुस्त करून घेतो. पहिल्यापासून."

त्यांच्या एकतीस वर्षांच्या निःपक्षपातीपणाला यंत्राने रोगाचं नाव ठेवलं होतं, आणि औषधही सुरू केलं होतं. त्यांना कुणी कळवलं नव्हतं इतकंच.

"मग त्या शेऱ्याचं काय केलंत?"

"तो बाद धरला. यंत्राने त्यावर विश्वासच ठेवला नाही, सर. म्हणून तर काळमेघांचा कल सापडला."

यंत्राने एका क्षणात जे केलं ते माणसांना एकोणतीस वर्षांत जमलं नव्हतं. हेमंतराव म्हणाले, "खेळवा. तोच चेंडू. मी शेऱ्यात लिहितो की नाही, तेवढंच सांगा."

तिने खेळवलं. पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा खेळवलं. तिसऱ्यांदा तिने बराच वेळ काहीतरी बदललं, आणि हेमंतराव तिच्या पाठीकडे पाहत बसले. शेवटी ती वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मी शेजारचा स्कोअरर काढून टाकला," ती म्हणाली. "मग मैदान बदललं. मग तुम्हाला थकवा दिला, ताप दिला. काच उघडी ठेवली."

"किती?"

"काच उघडी असताना हाक ऐकू येते. तरी..."

"किती, बेटा?"

"दहा हजार. प्रत्येक वेळी."

त्यांना वाटलं तिने आकडा उलटा सांगितला. त्यांनी स्वतः वाकून वाचला. कोरा राहिलेला रकाना, शून्य. काळमेघच्या मनात निदान रस्सीखेच होती. इथे ओढायला दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतंच.

"सर, हे पुढच्या वर्षी घरांसाठी येतंय," ऋतुजा हळूच म्हणाली. "लग्न ठरवताना, वाटण्या करताना. मी राजीनामा देणार आहे. पण ते येणारच."

नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी हेमंतराव फोन पुढ्यात घेऊन बसले. अलकाताईंना सगळं सांगून झालं होतं. त्या उडीद भिजत घालायचे सोडून शेजारी येऊन बसल्या.

"अहो, एक म्हणा," त्या म्हणाल्या. "एकच. त्याला कोण मोजायला येऊन राहिलं? तो बिचारा त्या एकावर यायला बसलाय."

"मला कळतं ते."

"कळतं न? मग म्हणा सतरा. एक म्हटलं तर त्याला खोटं वाटेल."

हेमंतराव हसले. सतरा. चांगला आकडा होता, खरा वाटणारा. आयुष्यात पहिल्यांदा ते एक नोंद आपल्या माणसाच्या बाजूने करणार होते, आणि त्यांना आश्चर्य वाटलं की हे इतकं सोपं होतं. मन हलकं झालं होतं. त्यांनी मनात तीनदा सतरा म्हणून पाहिलं आणि फोन लावला.

पहिल्याच घंटेला उचलला गेला. मागे कुणीतरी पिशवी भरत असल्यासारखी खुडबुड ऐकू येत होती.

"बोल दादा," विलास म्हणाला. "विचारलं?"

"विचारलं."

"मी आहे त्याच्यात?... म्हणजे, तू आहे?"

"आहे."

"मग? किती वेळा थांबला हात?"

अलकाताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. हेमंतरावांनी तोंड उघडलं. सतरा तिथेच होता, जिभेच्या टोकावर, आणि पलीकडे त्यांचा भाऊ श्वास रोखून उभा होता. त्यांना त्या क्षणी विलास हवा होता, त्याच्या मातीच्या हातांसकट, उद्या या घरात, आईच्या पानासमोर. इतकं काही त्यांना कधीच हवं नव्हतं.

"एकदाही नाही," त्यांच्या तोंडून स्वच्छ आवाजात निघालं. "दहा हजारांपैकी दहा हजार."

अलकाताईंचा हात गुडघ्यावरून निघाला. पलीकडची खुडबुड थांबली. विलास रागावला नाही, ओरडला नाही. लहानपणी ताप भरल्यावर आईला हाक मारताना त्याचा आवाज जसा यायचा, तसा आला.

"दादा," तो म्हणाला, "आज तरी खोटं बोलायचं होतं रे."